वेग मोजला, पाणी सांगितलं: मधल्या पायऱ्या कोणत्या?



सबडक्शन झोनवरचा कुठलाही अलीकडचा पेपर उघडा. दोन-तीन पानांनंतर एक रंगीत उभा छेद दिसतो. वर निळा, मधे पिवळा, तळाशी लाल, आणि बाजूच्या पट्टीवर भूकंपलहरींचा वेग. पुढच्या परिच्छेदात लेखक म्हणतात, या भागात सच्छिद्रता जास्त आहे. त्यापुढे म्हणतात, इथे पाणी अडकलंय, दाब वाढलाय, म्हणून फॉल्ट कमकुवत आहे.

वेग, सच्छिद्रता, पाण्याचा दाब, फॉल्टची ताकद. चार गोष्टी आणि मधे तीन उड्या. यातली थेट मोजलेली एकही नाही. मोजलेली असते ती फक्त लाट पोहोचायला लागलेली वेळ. बाकी सगळं आपण त्यावरून काढतो, आणि प्रत्येक उडीत एक गृहीतक असतं. पीएच.डी.च्या मुलाखतीत नेमकं यावरच बोट ठेवतात. म्हणून आज या उड्या सावकाश मारून बघू. उदाहरण घेऊ आपल्या दारातलं: मकरान.

मकरान आपल्या दारात कसं?

इराण आणि पाकिस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला मकरान म्हणतात. तिथे अरबी प्लेट वर्षाला काही सेंटीमीटर या गतीनं युरेशियन प्लेटखाली जाते आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पसनीजवळच्या समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामी अरबी समुद्र ओलांडून त्याच सकाळी मुंबईला पोहोचली. लाट सुमारे दोन मीटरची होती आणि मुंबईतही माणसं वाहून गेली. म्हणजे कोकण किनाऱ्याला धोका असलेला सबडक्शन झोन हाच. पुढचा मोठा भूकंप किती मोठा असेल, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही.

मकरानचं वैशिष्ट्य म्हणजे गाळ. बहुतेक सबडक्शन झोनपाशी समुद्रतळावर खोल खंदक असतो. मकरानला तो दिसत नाही, कारण गाळानं भरून गेलाय. खाली जाणाऱ्या प्लेटवर तिथे सुमारे सात किलोमीटर जाडीचा गाळ आहे. जगातल्या सर्वांत जाड थरांपैकी हा एक. प्लेट खाली सरकताना त्यातला बराच गाळ खरवडला जातो आणि किनाऱ्यापाशी घड्या पडून साचतो, फावड्यापुढे माती साचते तसा. या साचलेल्या ढिगाला ॲक्रिशनरी वेज म्हणतात. बलुचिस्तानातले किनारी डोंगर त्याचाच जमिनीवर आलेला भाग आहेत.

चक्का टांगल्यावर काय होतं?

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो. पाणी गळतं, उरलेलं घट्ट होतं. वर वजन ठेवलं तर लवकर घट्ट होतं. समुद्रतळाच्या गाळाचं असंच. नुकत्याच साचलेल्या चिखलात साठ ते ऐंशी टक्के आकारमान पाण्याचंच असतं. या रिकाम्या जागेच्या प्रमाणाला सच्छिद्रता म्हणतात. वर नवा गाळ पडत राहतो, वजन वाढतं, पाणी पिळून बाहेर पडतं, कण जवळ येतात. खोलीबरोबर सच्छिद्रता आधी भराभर आणि मग हळूहळू कमी होते. हे घातांकी रूपात मांडणारा ॲथीचा नियम १९३० चा आहे, आणि आजही पहिला अंदाज त्यावरूनच काढतात.

आता एक गणित. कागद-पेन घ्या.

एक किलोमीटर जाडीचा गाळ, सच्छिद्रता ६० टक्के. म्हणजे ६०० मीटर पाणी, ४०० मीटर घन कण. सच्छिद्रता २० टक्क्यांवर आली. कण तेवढेच, ४०० मीटर, पण आता ते एकूण जाडीच्या ८० टक्के आहेत. नवी जाडी ४०० भागिले ०.८, म्हणजे ५०० मीटर. पाणी उरलं १०० मीटर. बाहेर पडलं ५०० मीटर.

इथे अनेकजण घाईत ६० वजा २० बरोबर ४० टक्के, म्हणून ४०० मीटर पाणी गेलं असं लिहितात. ते चूक आहे, कारण थराची एकूण जाडीच बदलली. घन कण स्थिर धरा, मग हिशोब सरळ येतो. म्हणूनच पेपरांमध्ये सच्छिद्रतेऐवजी पुष्कळदा रिक्ततेचं गुणोत्तर वापरतात: पाण्याचं आकारमान भागिले घन कणांचं.

हे पाणी किती? एक चौरस किलोमीटर क्षेत्र धरलं तर पन्नास कोटी घनमीटर. आपल्या गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे साधारण सोळा कोटी घनमीटर. एका चौरस किलोमीटरच्या गाळातून तीन गंगापूर धरणं भरतील एवढं पाणी निघतं. अर्थात, लाखो वर्षांत.

अजून एक बघा. ६० वरून ४० टक्क्यांवर येतानाच ३३३ मीटर पाणी जातं. ४० वरून २० वर येताना उरलेले १६७. म्हणजे बहुतेक पाणी सुरुवातीलाच, उथळ भागात निघून जातं. मग खोलवर फॉल्टपाशी पाणी येतं कुठून? हा प्रश्न लक्षात ठेवा, त्याकडे येऊच.

वेग का वाढतो?

पी-लहरीचा वेग म्हणजे कडकपणा भागिले घनता, त्याचं वर्गमूळ. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १.५ किलोमीटर असतो, क्वार्ट्झमध्ये सहाच्या आसपास. मग निम्मं पाणी आणि निम्मे कण असतील तर वेग बरोबर मधोमध असेल का? नाही.

मऊ चिखलात कण पाण्यात तरंगत असतात, एकमेकांना टेकलेले नसतात. त्यांचं वजन आहे, पण सांगाडा नाही. वुडच्या समीकरणानं ६० टक्के सच्छिद्रतेच्या अशा मिश्रणाचा वेग काढला तर सेकंदाला १,४८० मीटरच्या आसपास येतो. शुद्ध पाण्याइतकाच, किंबहुना किंचित कमी! चाळीस टक्के दगड घालूनही वेग वाढला नाही, कारण घनता वाढली आणि कडकपणा जवळपास पाण्याचाच राहिला.

कण टेकू लागले, सांगाडा तयार झाला, की चित्र बदलतं. कडकपणा घनतेपेक्षा जास्त झपाट्यानं वाढतो आणि वेग चढू लागतो. पुढे कणांच्या सांध्यांवर कॅल्साइट किंवा सिलिकाचं सिमेंट बसलं तर सच्छिद्रता फारशी न बदलताही वेग उडी मारतो. हे वाक्य अधोरेखित करा, कारण पुढची निम्मी गडबड इथूनच होते.

एस-लहर पाण्यातून जातच नाही. ती फक्त सांगाड्याचं बोलते. त्यामुळे पी आणि एस या दोन्ही वेगांचं गुणोत्तर मिळालं तर हातात दुसरा साक्षीदार येतो. गुणोत्तर फार जास्त असेल तर सांगाडा सैल आहे असं समजायला जागा असते.

फडकं कोंदलं तर?

चक्क्याचं फडकं फार दाट विणीचं असेल तर पाणी लवकर गळत नाही. बारीक चिकणमातीची पारगम्यता अशीच फार कमी असते. वर गाळ भराभर पडतोय, प्लेट ढकलतेय, आणि पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग वजनाचा भार कण पेलत नाहीत, पाणी पेलतं. छिद्रांमधला दाब वाढतो.

याचं सूत्र टेरझागीनं १९२० च्या दशकात दिलं: प्रभावी ताण म्हणजे एकूण ताण वजा छिद्रदाब. गाळ किती दबेल आणि फॉल्ट किती घट्ट राहील, दोन्ही प्रभावी ताणावर ठरतं. १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी यांनी दाखवलं की छिद्रदाब पुरेसा वाढला तर खडकांच्या प्रचंड चादरीसुद्धा कमी जोरानं सरकू शकतात.

महाराष्ट्रात याच तत्त्वाची ओळख कोयनेनं करून दिली. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप आणि त्यानंतरची मालिका जलाशयाशी जोडली जाते. पाण्याचा दाब भेगांमधून खोलवर पसरतो, भेगेच्या दोन बाजू आवळून धरणारा ताण कमी होतो, आणि आधीच सुटायला आलेला फॉल्ट सुटतो. तिथे खडक बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट. मकरानला ओला गाळ. पण वजाबाकी तीच.

मकरानला अडकलेलं पाणी, चिखल आणि वायू कधीकधी सरळ वर येतात. चिखलाचे ज्वालामुखी हे तिथलं नेहमीचं दृश्य. हिंगलाजमातेचं नाव तुम्ही ऐकलं असेल, भावसार समाजाची ती कुलदेवता. तिच्या यात्रेच्या वाटेवर चंद्रगूप लागतो. यात्रेकरू तिथे नारळ वाहतात. भूशास्त्राच्या भाषेत तो चिखलाचा ज्वालामुखी आहे. २४ सप्टेंबर २०१३ ला अवारानला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा शेकडो किलोमीटर दूर ग्वादरच्या समुद्रातून चिखलाचं एक बेटच वर आलं, आणि पुढच्या काही वर्षांत लाटांनी धुऊनही नेलं. खाली दाबाखाली किती ऐवज दडलाय याची ही खूण.

काळ्या मातीचं रहस्य

आता मघाचा प्रश्न. उथळ भागात पाणी पिळून निघालं, तर खोलवर पाणी येतं कुठून?

आमच्या इंदिरानगरकडून पाथर्डीच्या दिशेनं गेलात की मधूनमधून काळ्या मातीचे मोकळे प्लॉट दिसतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगलेली जमीन. म्हणून बिल्डर पायाखालची काळी माती काढून मुरूम भरतात. हे फुगणं-आकसणं स्मेक्टाइट गटातल्या खनिजांमुळे होतं. दख्खनचा बेसाल्ट झिजून ते तयार होतात. त्यांच्या थरांच्या मधे पाण्याचे रेणू बसतात. हे पाणी छिद्रातलं नाही, खनिजाच्या आत बांधलेलं आहे. नर्मदा-तापी अशीच माती अरबी समुद्रात नेतात.

गाळ खोल गेला, तापमान साधारण ६० ते १५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात आलं, की स्मेक्टाइटचं हळूहळू इलाइटमध्ये रूपांतर होतं आणि बांधलेलं पाणी मोकळं होतं. डायटमसारख्या जीवांच्या सांगाड्यांतली सिलिकासुद्धा स्फटिक होताना पाणी सोडते. म्हणजे पिळून निघालेलं पाणी उथळ, आणि खनिजांनी सोडलेलं पाणी खोल. दोघांचं वेळापत्रक वेगळं. हे दुसरं पाणी गोडं असतं. त्यामुळे छिद्रातल्या पाण्यात क्लोराइड कमी सापडलं तर ते याचं चिन्ह मानतात. वेगापासून पूर्णपणे स्वतंत्र असा हा पुरावा.

सुमात्रानं याचं महत्त्व दाखवलं. २६ डिसेंबर २००४ ला तिथे फॉल्ट खंदकाजवळच्या उथळ भागातही सरकला आणि त्सुनामी एवढी भयानक झाली. मऊ, ओला गाळ असलेला उथळ भाग असा सरकेल अशी अपेक्षा नव्हती. २०१६ मध्ये आयओडीपीच्या ३६२ व्या मोहिमेनं तिथे येणाऱ्या गाळात विंधन केलं. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आला: गाळ इतका जाड आहे की खंदकापर्यंत पोहोचायच्या आधीच तळचा भाग तापतो, खनिजं आपलं पाणी सोडून मोकळी होतात, आणि फॉल्टपाशी पोहोचणारा गाळ अपेक्षेपेक्षा मजबूत असतो.

सुमात्रापाशी गाळ चार-पाच किलोमीटर. मकरानला सात. आता धागा जुळला ना? तापमानाच्या मॉडेलवरून २०१३ मध्ये एका संशोधक गटानं मांडलं की मकरानचा फॉल्ट उथळ भागातही अडकून राहू शकतो आणि पूर्ण लांबीनं सुटला तर भूकंप ८.७ ते ९.२ तीव्रतेचा होऊ शकतो. तळचा गाळ आधीच कोरडा आणि मजबूत झालाय, की दाबाखालच्या पाण्यामुळे अजून सैल आहे, यावर बरंच काही अवलंबून आहे. आणि ते जाणून घ्यायचं प्रमुख साधन पुन्हा तेच: वेग.

उलटा प्रवास

म्हणून वेगावरून सच्छिद्रता काढण्याची उडी नीट तपासू. वायलीचं १९५६ चं सोपं सूत्र घेऊ: लाटेला लागणारा एकूण वेळ म्हणजे पाण्यातला वेळ अधिक कणांमधला वेळ. छेदात एका ठिकाणी वेग ३ किलोमीटर प्रति सेकंद दिसतो. पाण्याचा १.५ धरू.

कणांचा वेग ४.५ धरला तर सच्छिद्रता येते २५ टक्के. ५.५ धरला तर ३१ टक्के. दोन्ही आकडे गाळातल्या खनिजांच्या दृष्टीनं अशक्य नाहीत. फरक फक्त माती जास्त की वाळू, या अंदाजाचा. पण पाण्याचा हिशोब केला तर ४०० मीटर घन कणांमागे एकीकडे १३३ मीटर पाणी, दुसरीकडे १८२.

आता वेगाचीच अनिश्चितता धरा. तीनच्या आसपास पाच टक्के म्हणजे २.८५ ते ३.१५. कणांचा वेग ४.५ च ठेवला तरी सच्छिद्रता २१ ते २९ टक्क्यांमध्ये फिरते. टोमोग्राफी मुळातच चित्र गुळगुळीत करते. शंभर मीटर जाडीचा सैल थर एक किलोमीटरच्या सरासरीत विरघळून जाऊ शकतो, आणि फॉल्टला महत्त्व असतं नेमकं त्या पातळ थराचं.

शिवाय वायू. मकरानच्या समुद्रतळाखाली गॅस हायड्रेट आणि त्याखाली मोकळा वायू असल्याच्या खुणा भूकंपीय छेदांमध्ये दिसतात. छिद्रांत थोडासा वायू असला तरी पी-लहरीचा वेग एकदम घसरतो. त्याला सच्छिद्रता समजलात तर फसलात. इथेही एस-लहर कामी येते, तिला वायूचा फारसा फरक पडत नाही.

विंधनातून आलेले नमुनेही निर्दोष नसतात. जहाजावर नमुना १०५ अंशांवर वाळवून पाणी मोजतात. त्यात स्मेक्टाइटच्या थरांतलं पाणीही उडून जातं आणि छिद्रातलं म्हणून मोजलं जातं. मातीदार गाळात सच्छिद्रता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. वेग-सच्छिद्रतेचं समीकरण अशाच नमुन्यांवर बसवलं असेल तर तो दोष समीकरणातही उतरतो.

आता सच्छिद्रतेवरून दाब. समजा ३ किलोमीटर खोलीवर जो वेग मिळाला तो नेहमी २ किलोमीटरवर मिळतो. मग गृहीत धरतात की दोन्हीकडे प्रभावी ताण सारखाच. गाळाची घनता २.२ आणि समुद्राच्या पाण्याची १.०३ धरली तर प्रभावी ताण दर किलोमीटरला ११.५ मेगापास्कलनं वाढायला हवा. तो वाढला नाही, म्हणजे छिद्रदाब नेहमीपेक्षा ११.५ मेगापास्कल जास्त. छान. पण या गणितात दाबणारं फक्त वरचं वजन आहे. वेजमध्ये प्लेट आडवीही दाबते. तिथे हे गणित जसंच्या तसं लावलं तर छिद्रदाब खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो.

पेपर वाचताना सोबत ठेवायचे प्रश्न

– वेगाचं चित्र किती बारीक बघू शकतं? निष्कर्ष त्याहून बारीक गोष्टीवर आहे का?
– वेगावरून सच्छिद्रता काढायचं समीकरण कुठल्या गाळावर बसवलंय?
– सिमेंट, मातीचं प्रमाण, वायू यांचा विचार केलाय का?
– एस-लहर, क्लोराइड, तापमान यांपैकी दुसरा कुणी साक्षीदार आहे का?
– दाबाच्या गणितात आडवा ताण आहे का?

पाचही उत्तरं समाधानकारक असलेला पेपर क्वचितच सापडेल. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही तिथेच तुमच्या प्रपोजलचा विषय असू शकतो, म्हणून ते वेगळ्या वहीत टिपून ठेवा.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. थरात ४०० मीटर घन कण आहेत, मोजलेला वेग ३.७५. पाण्याचा वेग १.५ धरून सच्छिद्रता काढा, एकदा कणांचा वेग ४.५ घेऊन आणि एकदा ५.५ घेऊन. उत्तरं १० आणि साडेसतरा टक्के यायला हवीत. मग दोन्हीकडे उरलेलं पाणी काढा. साधारण ४४ मीटर आणि ८५ मीटर. म्हणजे जितकं खोल जावं, तितकं तेच गृहीतक महाग पडतं.